पेशंट अंगावर आला तर: कसं सांभाळायचं, आणि लागलंच तर पुढे काय करायचं

नागपूरच्या मे महिन्यातली दुपार, बाहेर पारा ४५ च्या वर, आणि आमच्या कॅज्युअल्टीत उष्माघाताचा पेशंट आलेला. पस्तिशीचा माणूस, बांधकामावर काम करणारा, अंग तव्यासारखं तापलेलं. थंड पाण्याच्या पट्ट्या, बर्फ, फॅन सगळं सुरू होतं आणि तो एकदम उठून बसला न सलाईन ओढायला लागला. "काहून धरून राहिले मले, जाऊ द्या ना" असं ओरडत होता. मी एकटीच बाजूला होते. आयव्ही निघू नये म्हणून त्याचा हात धरला, त्यानं झटका दिला, खाली फरशी बर्फाच्या पाण्यानं ओली, मी पडले ती सरळ तळहातावर. मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं लहानसं हाड मोडलं. पहिल्या एक्स-रेत दिसलंच नाही, बारा दिवसांनी परत काढला तेव्हा कळलं. तोपर्यंत मी क्रेप बँडेज बांधून ड्यूटी करत होते. आणि रजिस्टरमध्ये काय लिहिलं होतं, तर "सिस्टर पाय घसरून पडल्या".

त्या एका ओळीमुळे माझी रजा बिनपगारी झाली. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण असं एकाच ठिकाणी होतं असं नाही. पण त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले, ट्रेनिंग घेतलं, दहा-बारा वर्षं नवीन मुलामुलींना शिकवलं, आणि जे शिकले ते इथे सविस्तर लिहून ठेवते. नर्स, ब्रदर, मावशी, मामा, गार्ड, टेक्निशियन, इंटर्न, सगळ्यांसाठी आहे हे. नातेवाईकांचा जमाव येऊन तोडफोड करतो तो विषय वेगळा, इथे फक्त पेशंटच्या हातून होणाऱ्या दुखापतींबद्दल बोलते, कारण त्याबद्दल कोणी बोलतच नाही. "आपल्या कामात एवढं चालतंच" म्हणून सोडून देतात. आणि सगळ्यात जास्त मार खातात त्या मावशी, कारण स्पंजिंग, बेडपॅन, डायपर हे सगळं पेशंटच्या अंगाला चिकटून करायचं काम त्यांचं.

पहिलं काम: तो असा का करून राहिला ते शोधा

वॉर्डात आरडाओरडा झाला की कोणीतरी म्हणतंच, "वेडा झाला वाटते" नाहीतर "प्यायलेला आहे". इथेच निम्मी चूक होते. मी नव्या मुलींना सहा शब्द पाठ करायला लावते: साखर, श्वास, डोकं, दारू, ताप, लघवी. पेशंट एकदम बिथरला की दोन पावलं मागे सरकायचं, मदतीला हाक मारायची, आणि मदत येईपर्यंत मनात हे सहा शब्द फिरवायचे.

साखर म्हणजे ग्लुकोमीटर. शुगर ७० च्या खाली गेलेला डायबेटिक पेशंट शिव्या देतो, हात उगारतो, आणि ग्लुकोज गेलं की काही मिनिटांत "काय झालं होतं सिस्टर?" विचारतो. श्वास म्हणजे ऑक्सिजन. मास्क सारखा ओढून फेकणारा पेशंट हट्टी नसतो बरेचदा, त्याचं सॅच्युरेशन पडलेलं असतं, आणि अशाला गप्प करायला झोपेचं इंजेक्शन दिलं तर श्वास अजून मंदावतो. डोकं म्हणजे अॅक्सिडेंटची केस, तोंडाला दारूचा वास आला म्हणून कोपऱ्यात झोपवून ठेवलेला, आणि आत मेंदूत रक्तस्राव सुरू. वास आला तरी डोक्याची तपासणी व्हायलाच पाहिजे असं डॉक्टरांना ठासून सांगा. फिट येऊन गेल्यावरही माणूस काही वेळ भांबावलेला असतो, जवळ येणाऱ्याला ढकलतो, तेव्हा त्याला दाबून धरण्यापेक्षा बाजूला उभं राहून पडू न देणं पुरेसं असतं.

दारूबद्दल जरा जास्त लिहिते कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त लोक इथेच जखमी होतात. प्यायलेला पेशंट सगळ्यांना दिसतो. न दिसणारा असतो तो दारू सुटलेला. पाय मोडून ऑर्थोच्या वॉर्डात भरती झालेला माणूस, पहिल्या दिवशी एकदम शहाणा, दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री "भिंतीवरून मुंग्या येऊन राहिल्या" म्हणत खाटेवरून उतरायला बघतो, पायाला लावलेल्या वजनाच्या ट्रॅक्शनसकट. शेवटचा पेग घेतल्यापासून साधारण ४८ ते ९६ तासांत हा धोका असतो. म्हणून भरती करतानाच विचारा, रोज किती घेता, शेवटची कधी घेतली. बायको-मुलांसमोर माणूस खरं सांगत नाही, सासरे उभे असतील तर अजिबातच नाही, त्यामुळे एकट्याला गाठून विचारा आणि फाइलवर मोठ्या अक्षरात लिहा. वेळेवर कळलं तर डॉक्टर आधीच औषध सुरू करतात, थायमिन देतात, आणि ती तिसरी रात्र येतच नाही. हा एक प्रश्न विचारल्यामुळे जितक्या दुखापती वाचतात तितक्या कुठल्याही पकडीनं वाचत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

ताप म्हणजे उष्माघात, मेंदूज्वर, गडचिरोलीकडून आलेला सेरेब्रल मलेरिया. उन्हाळ्यात नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी दवाखान्यांत उष्माघातासाठी कोल्ड वॉर्ड उघडतात तेव्हा तिथल्या स्टाफला माझं एकच सांगणं, खाटेभोवतीची फरशी दर थोड्या वेळानं पुसून घ्या आणि गुळगुळीत तळाच्या चपला घालू नका. माझं मनगट त्या फरशीनंच घेतलं. लघवीचं तर लोकांना खरं वाटत नाही, पण रात्रभर खाटेवरून उतरणारे, चिमटे काढणारे, ओरबाडणारे म्हातारे काका बरेचदा फक्त लघवी तुंबल्यामुळे तसं करत असतात. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, ब्लॉक आहे का बघा, पोट खाली कडक लागतं का बघायला सांगा.

आपल्या विदर्भापुरतं एक सातवं. ऑगस्ट ते ऑक्टोबर, कपाशीवर फवारणीचा सीझन. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. या पेशंटला विषावर उतारा म्हणून अॅट्रोपिन सुरू असतं आणि ते जास्त झालं की पेशंट बरळतो, हवेत काहीतरी पकडतो, अंग कोरडं आणि गरम, बाहुल्या मोठ्या, आणि धरायला गेलं की मारतो. असं दिसलं की आधी डॉक्टरांना अॅट्रोपिनबद्दल विचारा, मग बांधायचं बघा. अशा पेशंटच्या कपड्यांवर औषध सांडलेलं असतं, ते ग्लोव्हज घालूनच काढायचे, झटापटीत ते तुमच्या अंगाला लागतं हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

मानसिक आजाराच्या पेशंटबद्दल भीती सगळ्यांना वाटते, पण बहुतेक मानसिक रुग्ण कोणावरही हात उचलत नाहीत. नुसतं जुनं कागद बघून "हा सायकॅट्रीचा आहे, सांभाळून" असं ओरडून सांगू नका, तो ऐकत असतो.

स्वतःच्या अंगावरचं आणि खाटेजवळचं

हे ड्यूटीवर चढतानाच करायचं. स्टेथो गळ्यात नको, खिशात. आयकार्डाची दोरी ओढली की सुटणारी पाहिजे, नसेल तर क्लिपनं खिशाला लावा. लांब मंगळसूत्र, लोंबणारे कानातले, मोकळी वेणी, ओढणी, हे सगळं पकडायला हँडल होतं. मावशींना साडीचा पदर खोचून घ्यायला सांगा. वरच्या खिशात कात्री आणि पेन ठेवायची आपली सवय मोडायला वेळ लागतो पण मोडा.

खाटेजवळ बघायचं तर स्टीलचा पेला, डबा, फळं कापायचा चाकू, काचेची बाटली, चार्जरची वायर, आणि आयव्ही स्टँड. जो पेशंट बिथरेल असं वाटतं त्याच्याजवळ नुसता मोकळा उभा स्टँड ठेवू नका, सलाईन खिडकीच्या किंवा भिंतीच्या हुकाला लावता येत असेल तर लावा. ड्रेसिंग ट्रॉली त्याच्या हाताच्या टप्प्यात कधीच नाही. १० मे २०२३ ला केरळमध्ये कोट्टारक्करा तालुका रुग्णालयात पोलिसांनी उपचाराला आणलेल्या माणसानं ड्रेसिंगच्या कात्रीनं वार केले आणि तरुण हाऊस सर्जन डॉक्टर गेली. तेव्हापासून मी पोलीस घेऊन आले म्हणजे सुरक्षित असं धरत नाही. पोलिसांनी आणलेला पेशंट असेल तर त्यांना खोलीच्या बाहेर थांबू देऊ नका, पेशंटच्या बाजूला उभं करा, आणि ट्रॉली दाराबाहेर ठेवून लागेल तेवढंच सामान हातात आत न्या.

आणि उभं कुठे राहायचं? दोन हात अंतरावर, थोडं तिरकं, समोरासमोर छाती काढून नाही. तुमच्या आणि दाराच्या मध्ये पेशंट येता कामा नये. पडद्याच्या आत एकटं जायचं नाही, विशेषतः रात्री.

मारायच्या आधीच्या खुणा आणि बोलणं

हात उठायच्या आधी खुणा दिसतात. येरझाऱ्या, मुठी आवळणं, एकच वाक्य परत परत, नजर सारखी दाराकडे, एकदम गप्प होणं. मला तर ते एकदम गप्प होणंच सगळ्यात धोक्याचं वाटतं.

एकानंच बोलायचं. पाच जण पाच बाजूंनी "शांत बसा, शांत बसा" ओरडले की कोणाचंही डोकं फिरेल. आवाज खाली, वाक्य लहान, आणि त्याच्या भाषेत. नागपुरात छिंदवाडा, बालाघाटचे हिंदी बोलणारे येतात, वर्धा-यवतमाळचे वऱ्हाडी बोलणारे येतात, गोंडी बोलणारे आदिवासी पेशंट येतात. प्रमाण मराठीत "आपण सहकार्य करा" म्हणण्यापेक्षा "काका, मी सिस्टर हाओ, दवाखान्यात हाओत आपण, पाणी पायजे का?" हे शंभर पट चालतं. कुठे आहे, दिवस आहे की रात्र, घरचं कोण बाहेर बसलंय हे परत परत सांगा. म्हाताऱ्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन लावून द्या, अर्ध्या वेळी त्यांना काही ऐकूच येत नसतं. लाईट लावा.

खोटं बोलू नका. "इंजेक्शन नाही देत" म्हणून मागून सुई टोचली तर पुढचे तीन दिवस तो प्रत्येक पांढऱ्या कपड्याला मारणार, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्या शिफ्टवाल्याला भोगावं लागतं.

पेशंटला वॉर्डात चालायचं असेल आणि त्यानं जीवाला धोका नसेल तर चालू द्या, मागे मागे एक माणूस ठेवा. हातात काही धारदार घेतलं असेल तर पकडायला जायचंच नाही. बाजूच्या पेशंटना बाहेर काढायचं, दार ओढून घ्यायचं, गार्डला बोलवायचं, ११२ लावायचा. आयव्ही परत लावता येतो.

धरायचंच ठरलं तर

एकट्यानं धरायचं नाही. दोघांनीही नाही. पाच माणसं लागतात, चार हातापायांना आणि एक डोक्याजवळ. "रात्री आमच्याकडे एक सिस्टर आणि एक मावशी असतात, पाच कुठून आणू?" हा प्रश्न मला दरवेळी विचारतात आणि तो बरोबरच आहे. उत्तर एवढंच की पाच माणसं त्या क्षणी सापडत नाहीत, ती संध्याकाळीच ठरवावी लागतात. शिफ्ट सुरू होताना बाजूच्या वॉर्डाचे ब्रदर, लिफ्टवाले मामा, एक्स-रेचा टेक्निशियन, दोन गार्ड, यांची नावं फळ्यावर लिहा आणि एक शब्द ठरवा जो ऐकला की सगळे येतील. मोठ्या हॉस्पिटलमध्ये कोड असतो, ज्याचं त्याचं वेगळं नाव, लहान नर्सिंग होममध्ये नुसती बेल तीनदा वाजवली तरी चालते. गरोदर स्टाफ, नुकतं ऑपरेशन झालेलं कोणी, यांना या कामात घ्यायचंच नाही, त्यांनी फोन आणि बाकी पेशंट बघायचे.

खाटेजवळ जायच्या आधी बाहेरच तीस सेकंद बोला. लीडर कोण, उजवा हात कोण, डावा कोण, पाय कोण, सुई कोण. नसता सगळे एकाच हाताला लटकतात आणि मोकळा हात कोणाच्या तरी तोंडावर बसतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एका गार्डचा दात गेला. घड्याळ, अंगठ्या काढा, ग्लोव्हज घाला, थुंकत असेल तर मास्क आणि चष्मा किंवा फेस शिल्ड.

लीडर डोक्याजवळ, तोच पेशंटशी बोलतो आणि तोच "आता" म्हणतो, मग चौघं एकाच वेळी. हात धरताना मनगट किंवा बोटं नाही धरायची, कोपराच्या जरा वर एक हात आणि मनगटाच्या जरा वर दुसरा. पायाला गुडघ्याच्या वर आणि घोट्याच्या वर. थेट सांध्यावर जोर दिला तर त्याचा सांधा निखळतो आणि तो झटका देतो तेव्हा तुमचं बोट वाकतं. कंबर सरळ ठेवून गुडघ्यात वाका, खाट उंच-खाली होत असेल तर आधी ती तुमच्या मांडीच्या उंचीला आणा आणि ब्रेक लावा. ब्रेक न लावलेली खाट सरकते आणि पाठ जाते. स्टाफच्या कंबरेच्या कितीतरी दुखण्यांची सुरुवात अशीच झालेली असते, नुसतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं.

पेशंटला पालथा पाडून धरायचं नाही. छातीवर बसायचं नाही, पाठीवर गुडघा नाही, मानेवर हात नाही, तोंडावर उशी किंवा चादर नाही. झटापटीत श्वास कोंडून माणूस मरतो, आणि तेव्हा आरडाओरडा थांबला म्हणजे शांत झाला असं वाटून सगळे निश्वास टाकतात. डोक्याजवळच्याचं काम हेच, चेहऱ्याचा रंग आणि श्वास बघत राहायचं आणि काही वेगळं वाटलं की "सोडा" म्हणायचं. तो म्हणाला की वाद न घालता सगळ्यांनी पकड ढिली करायची.

सुईचं वेगळं सांगते. पेशंट हलत असताना इंजेक्शन द्यायचं नाही, आधी तो पाय किंवा दंड पक्का धरला गेला पाहिजे. सुई एकाच्याच हातात, तिनं मोठ्यानं "सुई आली" म्हणायचं, आणि शार्प्सचा पांढरा डबा हातभर अंतरावर आधीच आणून ठेवायचा. वापरलेल्या सुईला कॅप लावायची नाही, खाटेवर टाकायची नाही, मावशीच्या हातात द्यायची नाही. चादरीत राहिलेली सुई लाँड्रीत कोणाला तरी टोचते, त्या माणसाला तर हेही कळत नाही की ती कुठल्या पेशंटची.

कोणतं औषध ते डॉक्टर ठरवतील. आपण बघायचं ते दिल्यानंतर. पल्स ऑक्सिमीटर लावून ठेवा, श्वास मोजा, बीपी घ्या. दारू प्यायलेल्या माणसाला झोपेचं औषध दिलं असेल तर नजर हटवू नका.

बांधायची वेळ आली तर

बांधणं शेवटचं, आणि डॉक्टरच्या लेखी ऑर्डरनं. मेंटल हेल्थकेअर अॅक्ट २०१७ च्या कलम ९७ मध्ये स्पष्ट आहे की पेशंटला किंवा दुसऱ्याला होणारी तातडीची इजा टाळायला दुसरा काही मार्गच नसेल तेव्हाच, आणि गरज असेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून नाही, स्टाफ कमी आहे म्हणूनही नाही. साखळीनं बांधायला कलम ९५ नं बंदीच आहे. हा कायदा मानसिक आरोग्याच्या संस्थांसाठी असला तरी मेडिसिन वॉर्डात आणि आयसीयूतही हाच नियम धरून चाला, तुमचंच संरक्षण होतं.

मऊ रुंद पट्टा किंवा कापसाचं पॅडिंग, नुसत्या गॉज बँडेजनं बांधलं की कातडी सोलते. गाठ खाटेच्या फ्रेमला, साइड रेलला नाही, कारण कोणीतरी रेल खाली करतं आणि खांदा ओढला जातो. एका झटक्यात सुटणारी गाठ पाहिजे. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. उताणं, डोक्याकडची बाजू थोडी वर. दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग, नाडी, श्वास बघा आणि लिहा, मधून मधून एक एक हातपाय मोकळा करा, पाणी द्या, लघवीचं विचारा. आणि बाहेर बसलेल्या घरच्यांना आधीच सांगा की का बांधलंय. न सांगता बांधलं आणि मुलानं आत येऊन पाहिलं की मग दुसराच गोंधळ सुरू होतो.

पकडलं, चावलं तर सुटायचं कसं

केस पकडले तर ओढून सुटायचं नाही. त्याचा हात तुमच्याच दोन्ही हातांनी डोक्यावर घट्ट दाबा, त्याच्या दिशेनं वाका आणि ओरडा. दाबून धरला की ओढ लागत नाही, मान वाचते. मनगट पकडलं तर जिथे त्याचा अंगठा आणि बोटं मिळतात त्या फटीकडे हात फिरवून काढा. गळा धरला तर हनुवटी छातीला लावा आणि खांदे वर घ्या, श्वासाला जागा राहते. ओढणी, अॅप्रन, कार्ड पकडलं तर ते सोडून द्या.

चावा घेतला तर सगळ्यांचा हात आपोआप मागे येतो आणि मांस फाटतं. उलट करायचं, हात त्याच्या तोंडात अजून आत दाबायचा, मग जबडा ढिला होतो. हे वाचून येत नाही, दोघींनी एकमेकींवर चार वेळा हळूच करून बघा.

लागल्यावरचा पहिला तास

सुई टोचली किंवा चावून रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. पिळू नका, चोळू नका, स्पिरिट ओतू नका, बोट तोंडात घालू नका. डोळ्यात रक्त किंवा थुंकी गेली तर दहा-पंधरा मिनिटं साध्या पाण्यानं किंवा सलाईननं धुवा, लेन्स घालत असाल तर आधी थोडं धुऊन मग काढा.

मग लगेच डॉक्टरकडे, शिफ्ट संपल्यावर नाही. एचआयव्हीची लागण टाळायची औषधं, म्हणजे पीईपी, शक्यतो दोन तासांत सुरू करायची असतात, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. मेडिकल आणि मेयो दोन्हीकडे एचआयव्हीच्या उपचाराची एआरटी सेंटर आहेत, पण रात्री पहिला डोस तुमच्याच कॅज्युअल्टीत मिळेल का हे आज विचारून ठेवा. घाबरू नका, एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तरी लागण व्हायची शक्यता हजारात साधारण तीन, आणि औषधानं ती अजून कमी होते. हिपॅटायटिस बीचं मात्र लोक विसरतात, तो यापेक्षा कितीतरी सहज पसरतो. लसीचे तीन डोस झालेत का, रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण (टायटर) १० च्या वर आहे का, हे स्वतःच्या फोनमध्ये लिहून ठेवा. लस नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, शक्यतो २४ तासांत लागतं. माणसाचा चावा कुत्र्यापेक्षा बरा असं समजू नका, हाताला चावा असेल किंवा बोटांच्या पेरावर त्याचा दात लागून जखम झाली असेल तर ती आत सांध्यापर्यंत गेलेली असू शकते, अँटीबायोटिक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारून घ्या.

डोक्याला मार लागला असेल तर २४ तास एकटं राहू नका, स्कूटी चालवत घरी जाऊ नका. उलटी, झोपाळूपणा, डोकेदुखी वाढणं झालं तर परत या. हातावर पडला असाल आणि अंगठ्याच्या मुळाशी खड्ड्यात दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे नॉर्मल आला तरी प्लास्टर किंवा स्प्लिंट मागा आणि दहा-चौदा दिवसांनी परत एक्स-रे काढा. मी नाही केलं, आजही बादली उचलताना मनगट सांगतं.

लिहा, त्याच दिवशी, स्वतःच्या शब्दांत

इन्सिडेंट रजिस्टरमध्ये वेळ, जागा, पेशंटचा नंबर, तेव्हा कितीजण ड्यूटीवर होते, पेशंटनं नेमकं काय केलं, तुम्हाला कुठे लागलं, साक्षीला कोण होतं. "किरकोळ दुखापत" हे दोन शब्द कधी लिहू नका आणि लिहू देऊ नका, ते डॉक्टर तपासून ठरवतील. वळ, सूज, चाव्याचा फोटो काढा, पेशंटचा चेहरा फोटोत येऊ देऊ नका. मार जास्त असेल तर स्वतःची एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची मेडिको-लीगल नोंद, करून घ्या. लिहिलेल्या पानाचा फोटो तुमच्याकडे ठेवा.

इथे एक गाठ सोडवायला पाहिजे. लोक म्हणतात, "बिचारा शुद्धीत नव्हता, कशाला तक्रार करायची?" खरंय, भ्रमात असलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवता येत नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्येही तसंच आहे, आणि मलाही माझ्या त्या पेशंटवर कधी राग आला नाही. पण त्याचा गुन्हा नसला तरी माझं हाड मोडलंच ना, आणि ते कामावर मोडलं. भरपाई मिळायला पेशंट दोषी असावा लागत नाही, दुखापत कामामुळे झाली एवढं दिसलं पाहिजे. ते दिसतं फक्त त्या रजिस्टरमधून.

पूर्ण शुद्धीत असलेल्या पेशंटनं मारलं तर गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, डॉक्टर, नर्स, मेडिकल-नर्सिंगचे विद्यार्थी, पॅरामेडिकल यांच्यावर हिंसा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. साध्या मारहाणीचं कलम मावशी, मामा, गार्ड सगळ्यांना लागू आहेच. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं सांगितलंय की हिंसा झाली तर सहा तासांच्या आत संस्थेनंच एफआयआर करायचा, ते संस्थेच्या प्रमुखाचं काम. म्हणजे जखमी सिस्टरनं एकटीनं ठाण्यात जाऊन बसायचं नाही. आणि पेशंटनं मुद्दाम नको तिथे हात लावला असेल तर तेही गप्प बसून सोडायचं नाही, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामावर येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही महिला कर्मचाऱ्यांना सुरक्षित ठेवायची जबाबदारी मालकावर आहे, अंतर्गत समितीकडे लेखी द्या.

पैशाचं. पगार महिन्याला २१,००० पर्यंत असेल तर तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, असायला पाहिजे, कंत्राटी मावशी आणि गार्डसुद्धा, पगाराच्या स्लिपवर कपात दिसते का बघा. कामावर झालेल्या दुखापतीत तात्पुरती अक्षमता असेल तर पगाराच्या ९० टक्के दरानं पैसे मिळतात, त्यासाठी किती महिने हप्ता भरला ही अट नाही. अपघाताचा रिपोर्ट मालकानं पाठवायचा असतो, तो गेला का ते विचारत राहा. उपचाराला सोमवारी पेठेत कामगार विमा रुग्णालय आहे. ठेकेदार म्हणेल हॉस्पिटलला विचारा, हॉस्पिटल म्हणेल ठेकेदाराला विचारा, म्हणून अर्ज दोघांनाही द्या आणि दोघांकडून पोच घ्या. पगार जास्त असेल तर भरपाई मालकाकडून, त्यासाठी कामगार वकील किंवा युनियन गाठा. लिहिता-वाचता न येणाऱ्या मावशीचा अर्ज तुम्ही लिहून द्या, वाचून दाखवा, अंगठा घ्या.

नंतरचे दिवस

शिफ्ट संपायच्या आत सगळ्यांनी दहा मिनिटं बसा, चहा घ्या, काय झालं ते बोला. कोणाची चूक ते शोधायला नका बसू, पुढच्या वेळी फळ्यावर काय वेगळं लिहायचं ते ठरवा. ज्याला लागलं त्याला त्याच रात्री त्याच पेशंटकडे परत पाठवू नका. पुढचे काही आठवडे झोप नीट लागत नसेल, ड्यूटीवर निघताना पोटात गोळा येत असेल, कोणी मागून आलं की दचकायला होत असेल तर ते कमकुवतपणाचं लक्षण नाही, १४४१६ ला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनवर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

हँडओव्हरमध्ये पेशंटचं बीपी सांगता तसंच हेही सांगा: "बेड अकरा, काल रात्री दोनदा उतरला, डाव्या हातानं मारतो, शुगर तेव्हा ५४ होती, आवाज दिला की ऐकतो, मुलीचं नाव घेतलं की शांत होतो." माझा तो उष्माघाताचा पेशंट चौथ्या दिवशी शुद्धीवर आला. त्याला काही आठवत नव्हतं, माझ्या हाताचं बँडेज बघून त्यानंच विचारलं, "ताई, तुमाले काय झालं?"